कापूस गुंडाळलेले गळ

दुकानात नवं गिऱ्हाईक आलं की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला. "बुवा, तुमच्यापाशी सगळ्यात चांगला गळ कोनता?" मी विचारतो, "पानी कोनतं?" तो म्हणतो, "पानी म्हनजे पानीच, नदीचं." मग मी त्याला बसवतो, पानसुपारी पुढं करतो आणि मनात म्हणतो, गेली माझी दुपार. अशा दुपारी घालवण्यातच माझं आयुष्य गेलं. अमरावतीच्या बाजारातलं दुकान आता मुलगा पाहतो, पण समजावून सांगायचं काम अजून माझ्याच गळ्यात आहे. मुलाला तेवढा धीर नाही आणि मला दुसरं काम नाही.

छापखान्याचे गृहस्थ येऊन सांगून गेले की दिवाळीच्या अंकासाठी चार पानं लिहा, अगदी बोलता तसं लिहा. मी म्हटलं, बोलतो तसं लिहिलं तर पुण्याकडच्या वाचकाला वाटेल हा बुढा आपल्याशी भांडून राहिला. तेव्हा शाळेच्या पंतोजींच्या घरी मासे पोचवता पोचवता जे मराठी शिकलो, ते लिहितो. मधेच वऱ्हाडीत पाय घसरला तर सांभाळून घ्या.

आम्ही भोई. वर्धा नदीच्या काठी, कौंडण्यपुराच्या खालच्या अंगाला आमचं गाव. जाळं हे आमचं खरं काम. गळ म्हणजे रिकामटेकड्याचा उद्योग, असं मोठेबा म्हणत. मोठेबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, सगळ्या भोयपुऱ्याचे म्होरके. त्यांचा शब्द कुणी खाली पडू देत नसे. पण मरळ जाळ्यात येत नाही, याला मोठेबांचाही इलाज नव्हता. मरळ काळी, लांबडी, डोकं सापासारखं. लव्हाळ्याच्या बुडाशी दबा धरून बसते आणि जाळं आलं की चिखलात घुसते. फक्त श्वासाला मधूनमधून वर येते, तेव्हा कुणी ओठ मिटावेत तेवढा आवाज होतो. त्या आवाजावर कान ठेवून बसायचं आणि तिथं गळ टाकायचा. मला त्या गोष्टीचा लहानपणापासून नाद लागला, तो काही सुटला नाही.

मी गळ करायला लागलो ते दिवस कापसाचे. दूर कुठं अमेरिकेत लढाई लागली आणि इकडं आमच्या वऱ्हाडात कापसाला सोन्याची किंमत आली. अमरावतीच्या रस्त्यांवर गाड्यांच्या रांगा, बोऱ्यांच्या थप्प्या, हवेत रुई. आणि खाली धुळीत बोरे शिवायचे दाभण पडलेले, कुठं मोडके, कुठं बोथट. लोक ते पायानं बाजूला सारत, मी वेचून आणत असे. लोहाराच्या भट्टीत दाभण लाल करायचा, वाकवायचा, टोकाजवळ कानशीनं उलटं नख काढायचं म्हणजे मासा सुटत नाही. मग पुन्हा तापवून तेलात विझवायचा. झाला गळ. बाजारात तयार मिळणाऱ्या गळापेक्षा माझा दाभणाचा गळ टिकत असे, हे मी स्वतःच सांगतो, कारण आता सांगायला दुसरं कुणी उरलं नाही.

नुसता गळ तळाला जात नाही, त्याला शिशाचं डोकं लागतं. चिकणमातीच्या गोळ्यात एक दाणा दाबायचा, तो साचा. साचा उन्हात कडक वाळवायचा, त्यात गळाची मान ठेवायची आणि वितळलेलं शिसं ओतायचं. मातीत ओल राहिली तर शिसं तडतडून अंगावर येतं. माझ्या मनगटावर जो पांढरा डाग आहे तो घाईचा. दाणे म्हणाल तर तूर, हरभरा आणि चिंचोका. आमच्याकडं वजनाला हीच नावं. उथळ, थांबलेल्या पाण्याला तुरीएवढं डोकं. कमरेच्या वर पाणी आणि थोडी धार असेल तर हरभरा. खोल डोहाला चिंचोका. आता तुम्हाला कळलं असेल, मी पहिल्यांदा पाणी का विचारतो.

शिशाच्या मागं पिसं बांधायची. कोंबड्याच्या मानेची सगळ्यात चांगली, पाण्यात ती श्वास घेतल्यासारखी हलतात. निवळ पाण्याला भुरकी, बारक्या मासोळीच्या रंगाची. गढूळ पाण्याला काळी. इथं गिऱ्हाईक माझ्याशी वाद घालतं. म्हणतं, "बुवा, गढुळात पांढरं दिसन ना, काळं कसं दिसन?" अरे बाबा, मरळ खाली बसून वर पाहते. वर उजेड असतो. उजेडावर काळंच उठून दिसतं. आणि गळाच्या टोकापुढं डुकराचे दोन राठ केस बांधायचे. शेवाळ त्या केसांवरून घसरून जातं, पण मरळीच्या जबड्यात ते केस दबतात. हे केस न बांधता जो लव्हाळ्यात गळ टाकतो, तो मासे नाही, गवत कापायला आलेला असतो.

वापरायची रीत सोपी आहे आणि म्हणूनच कुणाला जमत नाही. गळ टाकायचा, तळाला टेकू द्यायचा. टेकला की दोरी मऊ पडते. काठी वीतभर उचलायची, पुन्हा पडू द्यायचा, आणि थांबायचं. उचलणं सगळ्यांना येतं, थांबणं येत नाही. मरळ गळ उचलताना घेत नाही, पडताना घेते. तिला वाटतं, मासोळी जखमी झाली. दोरी हाताच्या पहिल्या बोटावरून गेली पाहिजे, कारण सगळी खबर तिथं येते. वाळू असली तर बोटाला सरसर कळते. दगड टणकन सांगतो. लाकडावर बद्द ठोका येतो. चिखल काहीच सांगत नाही, नुसता धरून ठेवतो. डोळे मिटून मला आमच्या गावापासून उतारापर्यंतचा नदीचा तळ सांगता येत असे. उतार म्हणजे नदी पायी किंवा गाडीनं ओलांडायची जागा. बायकोला मात्र घरात मिठाचं मडकं कुठं आहे ते मला कधी सांगता आलं नाही, असं ती शेवटपर्यंत म्हणत होती.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार भेटली. रेल्वे वऱ्हाडात येऊन राहिली होती, तेव्हा पुलाच्या कामावरचा एक गोरा साहेब सुट्टीच्या दिवशी आमच्या डोहावर येत असे. त्याच्याजवळ विलायतेहून आणलेले चकचकीत पत्र्याचे मासे होते. मला वाटलं, हा काय पकडतो. पण हिवाळ्यातल्या निवळ पाण्यात त्यानं त्या पत्र्यावर अशा मरळी काढल्या की मोठेबासुद्धा काठावर येऊन उभे राहिले. माझा गळ हातात घेऊन साहेबानं उलटा धरला. म्हणाला, "टोक ऊपर रखो. नीचे क्यों रखता?" शिशाचं डोकं जरा तिरपं ओतलं की गळ तळावर टोक वर करून बसतो, मग दगडात अडकत नाही. एवढी साधी गोष्ट आमच्या कुणाच्या डोक्यात आली नव्हती. तेव्हापासून मी तसेच ओततो. त्याला मी काळं पीस शिकवलं, त्यानं मला टोक शिकवलं. दोघंही खूश झालो.

दुसरा नमुना अकोल्याचा एक दलाल. कापसात पैसा असा आला होता की तो कुठं ठेवावा हे त्याला सुचत नव्हतं. दमणी, म्हणजे बैलांची हलकी गाडी जुंपून, संगं स्वयंपाकी घेऊन तो माझ्याकडं आला.

"शिसं काहून लावता हो?" तो म्हणाला. "आमी काय भिकारी हाओ? माह्या गळाले चांदीचं डोकं करा. अन् पिसं नको, जर लावा."

"शेठ, चांदी शिशापेक्षा हलकी असते. तळाले जायले येळ लागन."

"लागू द्या. मले कोनती घाई हाय?"

केला. सोनाराकडून डोकं ओतवून घेतलं, जरीचा गोंडा बांधला. काठावर उभं राहून त्यानं काठी अशी फिरवली की गळ मागं उभ्या असलेल्या स्वयंपाक्याच्या धोतरात गेला आणि धोतर पुढं आलं. सगळ्यात जास्त हसला तो दलालच, हसता हसता खाली बसला. पुढं तो गळ त्यानं मासे धरायला कधी वापरलाच नाही. गळ्यातल्या साखळीत अडकवून बाजारात मिरवत असे. लढाई संपली, भाव उतरला, मग तो अकोल्यात दिसेनासा झाला. माणूस दिलदार होता, त्याची आठवण आली की मला अजून हळहळ वाटते.

हे सगळं हसण्यावारी नेता येतं. पुढचं येत नाही. ते लिहावं की नाही याचा मी बराच विचार केला, आणि शेवटी असं ठरवलं की ते गाळलं तर बाकीच्या लिहिण्यात काही राम नाही.

त्याच कापसाच्या दिवसांत, माघ महिन्यातली गोष्ट. नदीपलीकडच्या गावांतला कापूस आमच्या उतारावरून अमरावतीला जात असे. भाव आज आहे तो उद्या राहील की नाही ही धास्ती, म्हणून गाडीवान थांबत नसत. त्या सकाळी धुकं होतं. वर, उगमाकडं कुठंतरी गारांचा पाऊस झाला असावा. आमच्याकडं आभाळ कोरडं ठक्क आणि नदीला मात्र पाणी चढलं. पाच-सहा गाड्या पार झाल्या, शेवटची आली नाही. धुक्यात कुणी काही पाहिलं नाही. दुपारी खालच्या वळणावर दोन बैल चरताना सापडले. जुवाखाली मानेला बांधतात ते पट्टे दोघांच्याही गळ्यात लोंबत होते, आणि ते तुटलेले नव्हते, विळ्यानं कापलेले होते. गाडी नाही, माणूस नाही. काठाच्या बाभळींवर मात्र फुटलेल्या बोऱ्यातला कापूस अडकून पांढरा झाला होता.

आम्ही भोयांनी खालच्या अंगाला जाळी ओढली. काही लागलं नाही. बुडालेला माणूस दोन-तीन दिवसांत आपोआप वर येतो, हे नदीकाठच्या सगळ्यांना ठाऊक असतं. पाणी उतरलं, दिवस गेले, कुणी वर आलं नाही. मग लोक बोलायला लागले. बैल सोडायला त्याला वेळ मिळाला, म्हणजे स्वतः निघायलाही मिळाला असणार. शेठचा माल बुडवला, तोंड कसं दाखवावं म्हणून पळाला. तिकडं रेल्वेच्या कामावर मजूर पाहिजेतच, कोण विचारतं नाव-गाव.

अमरावतीहून ज्या शेठजींचा माल होता ते घोड्यावर आले. त्यांना राग नव्हता, माणूस शांत होता. बैलांचे पट्टे हातात घेऊन पाहिले आणि म्हणाले, "डर गया होगा बेचारा. भाग गया." ठाण्याचा जमादार आला होता. तो म्हणाला, दोन दिवस वाट पाहतो, नाहीतर फरारी म्हणून लिहून टाकतो.

आणि त्याच दिवशी त्या गाडीवानाची बायको आली. चांदूर बाजाराकडून कुणाच्या तरी गाडीत बसून आली होती. सुभद्रा तिचं नाव. वयानं माझ्या धाकट्या बहिणीएवढी. कपाळावर कुंकू ठसठशीत, पण डोळे असे की पाहणाऱ्यानं खाली पाहावं. माझ्या आईनं तिला भाकर वाढली, ती तिनं खाल्ली नाही. आमच्या ओसरीवर बसून ती मोठेबांना म्हणाली, "सारे म्हनून राहिले, ते पळाले. बाबाजी, माह्या पोरीचा बाप बैलाले चारा टाकल्याबिगर जेवत नाही. तो मानूस बैल टाकून पळते का? पोरीले उद्या सारं गाव म्हनन, तुहा बाप पळपुटा. मले एवढंच सांगा, मी कपाळाले कुंकू लावू का नको लावू?"

मला ते कापलेले पट्टे सोडत नव्हते. धारेत वाहणाऱ्या गाडीवरून कुणाला असं सरळ कापता येत नाही. म्हणजे कापलं तेव्हा गाडी एका जागी उभी होती. उताराला लागूनच खालच्या बाजूला काळा डोह आहे. कोरड्या रुईचा बोरा आधी तरंगतो, पण पाणी प्यायला की धोंड्यासारखा खाली जातो. गाडी कलंडून डोहाच्या काठावर अडकली असेल, बोरे पाणी प्याले असतील, आणि मग ती सरळ तळाला गेली असेल. आम्ही सगळे खाली वळणाकडं शोधत होतो आणि गाडी वर, उतारापाशीच होती. माणूस वर आला नाही तो पळाला म्हणून नाही, अडकला म्हणून.

डोहात जाळं ओढून पाहिलं तर बुडालेल्या झाडांत फाटलं. आंधळी बुडी मारावी तर डोह मोठा, पाणी गढूळ, आणि खाली दोर सुटलेले असतील तर बुडी मारणाराही तिथंच राहायचा. आधी जागा कळायला पाहिजे होती. मी मोठेबांना म्हटलं, "चिंचोक्याच्या गळानं तळ पाहतो."

मोठेबा एकदम कडक झाले. "मानसाले गळ लावत नाहीत."

आमच्यात ही रीत फार जुनी आहे. गळ लावायचा तो जे खायचं त्याला. बुडालेल्या माणसाला जाळ्यानं आणावं, हातानं आणावं, गळ दाखवू नये. शिवाय ज्या डोहात प्रेत सापडतं त्यातला मासा पुढच्या दसऱ्यापर्यंत कुणी धरत नाही, कुणी विकत घेत नाही. आणि काळ्या डोहावर अर्ध्या भोयपुऱ्याच्या चुली चालत होत्या.

"मी लावत नाही गळ," मी म्हटलं. "फक्त बोटानं पाहतो."

"गळ तो गळच."

सुभद्रा ऐकत होती. म्हणाली, "दादा, मले दाखवा तो."

मी चिंचोक्याचे गळ आणून ओसरीवर मांडले. पिसं काढून टाकली होती, टोकं कानशीनं घासून बोथट केली होती. पण लोखंड ते लोखंड. तिनं एक उचलून टोकावर आपलं बोट दाबलं आणि म्हणाली, "याच्यानं त्याईले टोचन."

ती उठली आणि काठाकडं गेली. बाभळीच्या काट्यांत अडकलेला कापूस तिनं ओटीत वेचला. तिच्या नवऱ्याच्याच गाडीतला कापूस होता तो. परत येऊन बसली, कचरा काढून एकेक पेळू केला आणि गळावर गुंडाळायला लागली, टोक पार झाकेपर्यंत. बांधायला दोरा नव्हता तर लुगड्याच्या काठातला ओढला. माझी आई दारात उभी राहून पदरानं डोळे पुसत होती.

मोठेबा बराच वेळ पाहत राहिले. मग ते तिच्याजवळ जाऊन बसले, तिच्या हातातला गळ घेतला. "अशी नाही, बाई," ते म्हणाले. "पान्यात सुटन. ही भोयाची गाठ अशी मारतात." आणि त्यांनी स्वतः ती गाठ मारली. त्यांनी हो म्हटलं नाही, मीही विचारलं नाही. बाकीचे गळ दोघांनी मिळून बांधले.

सकाळी उन्हं वर आल्यावर डोंगा सोडला. वल्हं मोठेबांकडं, दोरी माझ्या बोटावर. काठावर शेठजी, जमादार, सगळं गाव. सुभद्रा पाण्याच्या कडेला एका दगडावर बसली होती. मी उताराच्या कडेपासून सुरुवात केली. टाकायचा, टेकू द्यायचा, उचलायचा, पडू द्यायचा. वाळू. वाळू. दगड. मग बुडालेल्या झाडाचं खोड. कापसामुळं ठोका मऊ यायचा, मला नेहमीपेक्षा दुप्पट लक्ष द्यावं लागत होतं. जन्मभर मी मासा लागावा म्हणून गळ टाकला होता. त्या दिवशी टाकताना मला लागावंही वाटत होतं आणि लागू नये असंही वाटत होतं.

डोहाच्या वरच्या तोंडाशी एका जागी गळ पडला आणि बोटाला काहीच आलं नाही. चिखल म्हणावा तर चिखलासारखं धरलंही नाही. उचलला, थोडं पुढं टाकला, पुन्हा तेच. मी म्हटलं, "मोठेबा, बोरे हायेत खाली." अजून थोडं पुढं टाकला तर कापसातूनही टणकन कळलं. चाकावर चढवलेली लोखंडी धाव. काठावरून शेठजींनी ओरडून विचारलं, "क्या मिला?" मी सांगितलं, माल आहे. ते म्हणाले, "माल रहने दो. आदमी देखो." त्या शब्दाबद्दल मी त्या माणसाला कधी विसरलो नाही.

चाकाच्या अंगाला गळ सोडला. या वेळी तो कशाततरी अलगद गुंतला. ओढला तर थोडं आलं आणि थांबलं. कापड होतं. मासा नाही, लाकूड नाही, झाड नाही. माझ्या बोटाला एवढी ओळख होती. मोठेबांनी माझ्याकडं पाहिलं आणि वल्हं थांबवलं.

कमरेला दोर बांधून मी बुडी घेतली. खाली डोळ्यांचा काही उपयोग नव्हता. हाताला चाकाचे आरे लागले, मग बोऱ्यांवरून आवळलेला दोर, मग एक पाय. गाडी कलंडली तेव्हा तो दोर त्याच्या गुडघ्यावरून फिरून चाकात आवळला गेला होता. दोर चाचपत गेलो तर त्यात विळा रुतलेला लागला. दोर अर्धा कापला होता. मी वर आलो, दम घेतला, पुन्हा गेलो आणि त्याच विळ्यानं उरलेला अर्धा कापला.

त्याला वाळूवर ठेवला. मोठेबांनी आपल्या खांद्यावरचं घोंगडं त्याच्यावर टाकलं. सुभद्रा जवळ आली, बसली, घोंगड्याखाली हात घालून तिनं त्याचे खांदे, दंड, छाती सगळीकडं हात फिरवून पाहिलं. मला कळलं ती काय पाहते आहे. मी म्हटलं, "टोचला नाही, बाई. धोतराच्या सोग्यात गुंतला होता." तिनं मान हलवली.

मग मी तो दोराचा तुकडा तिच्यापुढं ठेवला. खरं सांगतो, माझी हिंमत होत नव्हती, पण ते तिचं होतं, माझं नव्हतं. म्हटलं, "त्याचा पाय ह्याच्यात अडकला होता. विळा ह्याच्यात होता. अर्धा कापला होता." तिनं तो तुकडा हातात घेतला, कापलेल्या जागी अंगठा फिरवला.

"पहिले बैल सोडले," ती म्हणाली.

"होय," मी म्हटलं. "पहिले बैल. मग स्वतःचा दोर कापायला घेतला. तेवढ्यात गाडी खाली गेली असन."

शेठजींनी पगडी काढून हातात घेतली होती. ते तिच्यापुढं येऊन म्हणाले, "मैंने गलत कहा था, बाई." गर्दीतले ज्यांनी ज्यांनी तेच म्हटलं होतं, ते मागं सरकले. त्यांना मी दोष देत नाही. पट्टे पाहून कुणालाही तसंच वाटलं असतं, मलाही आधी वाटलंच होतं. मोठेबांनी ते सगळे गळ कापसासकट डोहात सोडले. पुढच्या दसऱ्यापर्यंत काळ्या डोहावर आमचा एकही डोंगा गेला नाही. लांबच्या डोहांवर जावं लागलं, कधी रिकाम्या हातानं यावं लागलं, पण भोयपुऱ्यात त्याबद्दल कुणी मला शब्दानं बोललं नाही.

जमादार झाडाखालून उठून आला. पंचनामा करायचा होता. त्यानं कागद मांडीवर घेतला आणि विचारलं, "मयताचं नाव?" तिच्याकडं त्यानं पाहिलंसुद्धा नाही. बाई नवऱ्याचं नाव घेत नाही, ते घ्यायला कुणीतरी पुरुष माणूस पुढं येतो, ही रीतच आहे. शेठजी सांगायला पुढं झाले. सुभद्रानं हात वर करून त्यांना थांबवलं. ती उभी राहिली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि मागच्या माणसालाही ऐकू जाईल अशा आवाजात बोलली.

"किसन. किसन वल्द भिकाजी. चांदुराचा. माहा नवरा. पळाला नाही. लिहा."

जमादारानं बोरू शाईत बुडवला आणि ती सांगत होती तसं लिहून घेतलं. ती लिहिणं संपेपर्यंत तिथंच उभी राहिली. मग नदीच्या कडेला बसून तिनं पदर भिजवला, आणि गावच्या बाया पुढं येण्याच्या आत, आपल्याच हातानं आपलं कपाळ पुसलं.